वर्गणीच्या वहीत आणखी एक रकाना: आमच्या गणेश मंडळाला खुलं पत्र

अकोटा, बडोदा
जून 2026

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाची कार्यकारिणी,
आणि ज्यांच्या दारात आपण दरवर्षी पावतीपुस्तक घेऊन उभे राहतो ते सगळे काका-काकू, दादा-वहिनी,

स. न. वि. वि.

येत्या रविवारी मंडळाची वार्षिक सभा आहे. सूचनेत तीन विषय आहेत: मूर्तीची उंची, डीजे की ढोल-ताशा, आणि ऐनवेळचे विषय. माझा विषय तिसऱ्यात जाणार. ऐनवेळचे विषय आपल्याकडे समोसे आल्यावर निघतात, म्हणजे निघतच नाहीत. म्हणून आधीच लिहून सगळ्यांना पाठवतोय. रागावू नका. रागावलात तरी वाचा.

आधी एक कबुली. 2022 च्या सभेत जे झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. करोनाची दोन वर्षं घरातल्या घरात गणपती बसवून आपण कंटाळलो होतो आणि त्या वर्षी सगळं दणक्यात करायचं ठरत होतं. सात नंबरचे आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, शाडूची तीन फुटी मूर्ती आणू, पूर्वीसारखी. मी तेव्हा वीस वर्षांचा, नुकताच कार्यकारिणीत घेतलेला. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "आजोबा, हे मंडळ आहे, वृद्धाश्रम नाही." सगळे हसले. काही काकाही हसले. आजोबांनी चष्मा पुसला, परत लावला आणि खाली बसले. नऊ फुटी मूर्तीचा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. त्या वाक्याबद्दल मला पुढे दोन वर्षं शाबासकी मिळत होती.

त्या काळात मला जगाची काळजी नव्हती असं नाही. उलट फारच होती. ऑस्ट्रेलियात जंगलं जळाली तेव्हा मी होरपळलेल्या कोआलांचे व्हिडिओ रात्री दोनपर्यंत बघत बसलो होतो. बांबूचा टूथब्रश घेतला होता. जगभरच्या कुठल्याकुठल्या अर्जांवर ऑनलाइन सह्या केल्या होत्या. आई एकदा म्हणाली, "जगाची काळजी कर बाबा, पण आधी ती मोटर बंद कर, टाकी वाहून चाललीय."

आता 2024 चा ऑगस्ट. बडोद्यात पावसाळ्यात लोक एकमेकांना कसं काय विचारत नाहीत, "काळाघोड्याला किती? आजव्याला किती?" असं विचारतात. मॅचचा स्कोअर विचारल्यासारखं. काळाघोडा म्हणजे विश्वामित्री नदीवरचा पूल, तिथं पाण्याची पातळी मोजतात; आजवा म्हणजे शहराच्या वरच्या अंगाचा तलाव. 26 ऑगस्टला जन्माष्टमी होती. तुफान पाऊस पडला, दहीहंड्या तशाच राहिल्या. 27 ला पावसाचा जोर ओसरला आणि आपण सगळे सैलावलो. तिथंच चुकलं. विश्वामित्री येते पावागढच्या डोंगरातून. तिकडे पडलेलं पाणी शहरात पोचायला वेळ घेतं. वर आजवा भरला की तेही पाणी सोडावं लागतं. म्हणजे अकोट्यात आभाळ निवळत असतं तेव्हाच नदी चढत असते. 25 फुटांना धोक्याची पातळी. त्या दिवशी ती 37 फुटांवर गेली.

पाणी नदीकडून आलंच नाही, ते गटारातून आलं. आधी संडासाच्या भांड्यात बुडबुडे, मग मोरीच्या जाळीतून काळपट पाणी, मग पायरीवरून आत. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे आम्हाला भीती नव्हती, नुसती गंमत होती. हो, गंमतच. आम्ही दहा-बारा मुलं गच्चीत होतो. खाली पार्किंगमधल्या गाड्यांची फक्त टपं दिसत होती आणि त्यांच्यामधून एक मगर सावकाश चालली होती. शेपटी हलतेय की नाही कळत नव्हतं, पण ती पुढे सरकत होती. मी व्हिडिओ काढला. फोनची बॅटरी 11 टक्के होती आणि वीज सकाळीच गेलेली. तो व्हिडिओ खूप चालला. (त्याच पुरात अकोटा स्टेडियमच्या भागात घराच्या छपरावर बसलेली मगर देशभरच्या टीव्हीवर झळकली. ती आमची नव्हे, तिचं नशीब आणखी जोरावर होतं.)

आता जे लिहितोय ते घरीसुद्धा सगळं सांगितलेलं नाही. व्हिडिओ काढायच्या आधी फोनवर दोन मिस्ड कॉल दिसले. सात नंबर. मला वाटलं, मंडपाच्या सामानाबद्दल असेल. सतरंज्या तळमजल्यावरच्या खोलीत होत्या ना. नंतर करू म्हटलं. बॅटरी वाचवत होतो.

संध्याकाळी साडेसहाला आपल्या वॉचमनकाकांनी खालून हाक मारली. ते ट्रकच्या ट्यूबवर होते. कुठून आणली होती देव जाणे. म्हणाले, सात नंबरची कडी आतून आहे आणि आतून आवाज येतोय. आम्ही तिघं उतरलो. पाणी छातीपर्यंत, थंड, वर डिझेलचा तवंग. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बॅटरी मारली तर आजी-आजोबा ओट्यावर बसलेले. गॅसची शेगडी बाजूला करून जागा केलेली. आजींच्या मांडीवर देवांचा स्टीलचा डबा. आजोबांचे पाय पाण्यात, कारण दोघांचे पाय वर घेण्याएवढा ओटा रुंद नव्हता. आजी शांतपणे म्हणाल्या, "सातव्या फरशीला आलंय. दुपारी चौथीला होतं." भिंतीच्या टाइल्स मोजत बसल्या होत्या त्या. नऊ तास.

ट्यूबवरून बाहेर काढताना आजोबांनी मला एकच विचारलं, "सतरंज्या वर नेल्या का रे?"

नेल्या नव्हत्या.

आपल्या मंडळात तेव्हा साठ पोरं होती. साठ. नऊ फुटांची मूर्ती ट्रॉलीवरून उतरवून मंडपात बसवायला ज्यांना बारा मिनिटं लागतात अशी. तळमजल्यावर कोण राहतं, कोणाला जिना चढता येत नाही, कोणाचं इन्शुलिन फ्रिजमध्ये आहे, हे साठांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की सात नंबर 501 देतात, दोन नंबर 1100 देतात आणि एकोणीस नंबर दार उघडत नाहीत.

त्या तीन दिवसांत वन खात्यानं वस्त्यांमधून 24 मगरी पकडून नेल्या. नदीतल्या मगरींची मोजदाद आपल्याकडे होते आणि आकडाही ठाऊक असतो, चारशेच्या वर. मगरींवर माझा राग नाही, त्या आपल्याआधीपासून इथं आहेत. पण ही मोजणी नंतर कितीतरी दिवस डोक्यात फिरत होती.

पाणी ओसरल्यावरचे दिवस तुम्हाला सांगायला नकोत. तो वास. ओलं पीठ, डिझेल आणि मेलेलं काहीतरी. दोन नंबरच्या काकूंनी लग्नाचे फोटो कपड्यांसारखे दोरीला चिमटे लावून वाळत घातले होते. नवरा-नवरीचे चेहरे विरघळून गेले होते आणि मागचा बँडवाला तेवढा स्वच्छ होता. दहा दिवसांनी, 7 सप्टेंबरला, गणेश चतुर्थी होती. भिंतींवरची चिखलाची रेघ अजून ओली, आणि आपण मूर्ती आणलीच. मूर्तिकाराकडे पाणी शिरून अर्धी कामं वाया गेली होती, तरी आगाऊ रक्कम दिलीय म्हणून आपण घाई केली. त्या मिरवणुकीत मीही नाचलो. नाचता येत होतं, हेच पुढे मला खुपायला लागलं.

त्यानंतर मी बदललो असं लोक म्हणतात. बदललो म्हणजे आधी असह्य झालो. आईच्या प्लास्टिकच्या पिशव्या मोजायला लागलो. बाबांनी नवीन एसी घ्यायचं काढलं तर त्यांना पृथ्वीच्या तापमानावर व्याख्यान दिलं. नवरात्रात गरब्याला गेलो नाही आणि न गेल्याचं सगळ्यांना सांगत सुटलो. बडोद्यात गरब्याला न जाणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता. मावशीनं मला बरं नाही असं समजून काढा पाठवला. चारेक महिने हे चाललं. त्यातून एकाही माणसाचं भलं झालं नाही. बहीण माझ्याशी बोलायची बंद झाली, एवढाच परिणाम.

त्याच दिवसांत सात नंबरला जायला लागलो. माफी मागायची होती. पहिल्या दिवशी शब्द जुळवून गेलो तर आजोबा म्हणाले, "आधी चहा घे, मग काय ते." चहा झाला आणि त्यांनी मला माळ्यावरून पंखा उतरवायला लावलं. माफी राहून गेली. आजतागायत तोंडानं मागितलेली नाही. म्हणून इथं सगळ्यांसमोर मागतो. आजोबा, चुकलो.

एकदा मी त्यांना कमाटी बागेत फिरायला नेलं. जन्मापासून त्या बागेत जातोय. छोटी रेल्वे, प्राणिसंग्रहालय, बँडस्टँड, सगळं पाठ. आजोबा मला संकल्पभूमीपाशी घेऊन गेले. 1917 मध्ये परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर इथं सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. महाराजांनीच शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेला पाठवलं होतं. पण या शहरात राहायला त्यांना खोली मिळाली नाही. नाव लपवून एका पारशी खाणावळीत राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. त्या दिवशी ते याच बागेत झाडाखाली बसून राहिले. 23 सप्टेंबर 1917. आजोबांनी भाषण वगैरे काही केलं नाही. एवढंच म्हणाले, "केवढं मोठं शहर बघ. दारं किती असतील त्या वेळी?"

मी घरी येऊन आपल्या सोसायटीची दारं मोजली. 86. आपलं पावतीपुस्तक या 86 दारांवर जातं. मग लक्षात आलं की भिंतीपलीकडे, कांशीच्या, म्हणजे पावसाचं पाणी नेणाऱ्या नाल्याच्या काठानं, आणखी बावीस खोल्या आहेत. तिथल्या बायका आपल्या घरांत कामाला येतात, तिथली मुलं आपल्या प्रसादाच्या रांगेत शेवटी उभी राहतात. तिथं आपण कधीच वर्गणी मागायला गेलो नाही. कारण विचारलं तर आपण म्हणू, गरिबांना कशाला त्रास. पण न मागणं म्हणजे दारापर्यंत न जाणंही झालं. आणि पाणी सगळ्यात आधी शिरतं ते त्या कांशीकडूनच.

मागच्या वर्षी गणेश चतुर्थी आली 27 ऑगस्टला. पुराला बरोबर एक वर्ष, तारखेनं. वर्गणीचं पुस्तक माझ्याकडे होतं. मी त्याबरोबर एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक दारात पावती फाडून झाल्यावर एकच जादा प्रश्न विचारला: "पाणी आलं तर तुमच्या घरात आधी कोणाला बाहेर काढायचं?"

लोक काय काय सांगतात! मला वाटलं होतं, दार आपटतील. आपटलं एकानंच. बाकीच्यांनी बसवून घेतलं. चोवीस नंबरच्या बेनचा मुलगा ऑक्सिजनच्या मशीनवर आहे, वीज गेली की चार तासांची मुदत. आपल्याला हे माहीत नव्हतं आणि आपण त्यांच्या खिडकीखाली जनरेटरवर दिवे लावतो. अकरा नंबरच्या काकांना ऐकू येत नाही, हाका मारून उपयोग नाही, खिडकीवर बॅटरीचा झोत मारायचा. एकोणतीस नंबरच्या आजी लाडू गोपाळाशिवाय हलणार नाहीत, तेव्हा आधी गोपाळ उचलायचा, मग आजी आपोआप येतात. हे त्यांच्या सुनेनं हसत सांगितलं, पण ते खरं आहे. वॉचमनकाका रात्री पंपाच्या खोलीत झोपतात, आणि ती जमिनीच्या खाली दोन पायऱ्या आहे. आजी-आजोबांना बाहेर काढणारा माणूस स्वतः सगळ्यात खोल जागी झोपतो. पंधरा वर्षं.

आणि एकोणीस नंबर, जे दार उघडत नाहीत? त्यांनी उघडलं. "वर्गणी नको, फक्त विचारायचंय," म्हटल्यावर. त्या बाई एकट्या असतात. त्यांनीच मला पाणी दिलं.

आता तुमचे आक्षेप. गेल्या वर्षी वही दाखवली तेव्हा तीन गोष्टी ऐकल्या. पहिली, "हे पालिकेचं काम." काही आहेच. नदी रुंद करणं, खोल करणं, कांशी मोकळ्या ठेवणं, आजव्याचं पाणी कधी सुटणार ते वेळेवर सांगणं, हे आपण सतरंजीवर बसून करू शकत नाही. त्यासाठी वेगळं पत्र वेगळ्या पत्त्यावर जाईल. पण अकरा नंबरच्या काकांच्या खिडकीवर बॅटरी मारायची, हे कुठल्याही कचेरीत कधी नोंदवलं जाणार नाही. लष्कराची बोट आली होती तेव्हा त्या जवानानं आम्हाला विचारलं होतं, "आधी कुठं?" आम्ही एकमेकांकडे बघितलं होतं.

दुसरी, "मंडळ धार्मिक आहे, समाजसेवेचं नाही." यावर मी वाद घालणार नाही. विघ्नहर्ता म्हणतो आपण त्याला.

तिसरी खरी अडचण आहे: लोकांची माहिती वहीत लिहायची, ती भलत्या हातात गेली तर? एकटी बाई कुठं राहते हे लिहून ठेवणं धोक्याचंच. म्हणून वही एकच असावी, दोघांकडेच असावी, त्यातली एक बाई असावी, आणि दरवर्षी नवी करून जुनी पानं फाडावीत. व्हॉट्सअॅपवर एक ओळही टाकायची नाही. वर्षभर ती माझ्याकडे होती. आईलाही वाचू दिली नाही, यावरून घरात झालेलं भांडण दोन नंबरपर्यंत ऐकू गेलंच असेल.

तर मागणं काय आहे ते सांगतो. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे पावसाळ्याचा सगळा जोर त्याच्या आधी. वर्गणी ऑगस्टच्या शेवटी न काढता आत्ता, जूनमध्येच काढू. म्हणजे दारं आत्ता वाजतील. पावतीपुस्तकाबरोबर ही वही जाईल, आणि भिंतीपलीकडच्या बावीस खोल्यांवरही जाईल. तिथं वर्गणी दिली तर घ्यायची, अकरा रुपये असले तरी पावती फाडायची. प्रसादाच्या रांगेत मग कोणी शेवटी का, हे विचारायचा त्यांनाही हक्क.

डीजे यंदा नको. त्या पैशांतून जाड दोर, सहा लाइफ जॅकेट, चार ट्यूब, दोन मोठ्या बॅटऱ्या आणि चोवीस नंबरसाठी एक इन्व्हर्टर. सामान तळमजल्यावर ठेवायचं नाही! हे लिहावं लागतंय, कारण मागच्या वर्षी आपण घेतलेला दोर कुठं आहे माहीत आहे का? पंपाच्या खोलीत.

मूर्तीबद्दल थोडक्यात, कारण यावर आपण भांडत बसतो आणि बाकीचं राहतं. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून दळलेला जिप्सम. पाणी लागलं की तो पुन्हा घट्ट बसतो, शाडूसारखा पाण्यात फुटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 मध्येच आपल्या सूचनांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली होती. 2023 ला विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी कृत्रिम तलावावर विसरलेला पाट आणायला गेलो होतो. आपली मूर्ती तिथंच होती, नाक तेवढं झिजलेलं, बाकी शाबूत, पाठीवर पडलेली, आणि एक कुत्रं तिच्या हातावर बसलं होतं. मी पाट घेतला आणि आलो, कोणाला बोललो नाही. शाडूची तीन फुटी म्हणणारे आजोबा बरोबर होते. मंडळाचा पहिला फोटो पुरात वाचलाय, त्यांच्याकडेच आहे. त्यात मूर्ती शाळेच्या बाकावर मावलीय आणि मागे उभे असलेले सगळे दिसतायत. आत्ताच्या फोटोत फक्त मूर्ती दिसते.

माझ्या वयाच्या मुलांसाठी एक ओळ. ढोल वाजवायचा असेल तर पोहायला शिका. पालिकेचे तलाव आहेत, पहाटे गर्दी नसते. मी चोविसाव्या वर्षी शिकतोय, आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत, कमरेला फ्लोट बांधून. रोज हसतात. हसू देत.

सभेला वही घेऊन येतोय. उघडून दाखवणार नाही, फक्त किती पानं भरलीत ते दाखवीन. सात नंबरपुढच्या रकान्यात आजोबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: "मला पोहता येते. हिला येत नाही. आधी हिला." त्याखाली आजींनी वेगळ्या पेननं: "ह्यांना आता येत नाही. आधी ह्यांना." हा तंटा मी सोडवलेला नाही, दोन माणसं नेमलीत.

आजोबांनाही रविवारी बोलावलंय. ते यायचं म्हणतायत. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत उजव्या टोकाला नको, डाव्या टोकाला ठेवा. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, हेही वहीत आहे.

आपला,
मंडळाचा एक सभासद
(दुसरा मजला, मगरीचा व्हिडिओवाला)